'संप आहे, बस बंद आहे' - इक्वेडोर-पेरू बॉर्डरवर आम्ही कसे गंडलो

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण यात चोराची हुशारी कमी आणि आमचा चिक्कूपणाच जास्त दिसतो. पण परवा ओळखीतला एक मुलगा म्हणाला की तोही याच रूटने चाललाय, म्हणून एकदाचं सांगूनच टाकतो.

मे २०२३. मी आणि माझा मावसभाऊ, पाठीवर एकेक सॅक, पॅसिफिकच्या किनाऱ्याने इक्वेडोरमधून खाली पेरूत उतरायचा प्लॅन. ग्वायाकिलच्या मोठ्या बस टर्मिनलवरून पेरूतल्या मांकोराला डायरेक्ट बस मिळते, ती बॉर्डरवर इमिग्रेशनपाशी थांबते, शिक्के होईपर्यंत वाट बघते आणि पुढे नेते. आम्ही काय केलं, तर म्हणलं वाकिय्यासपर्यंत लोकल बस घेऊ, बॉर्डर आपली आपण पार करू आणि पलीकडून व्हॅन पकडू, माणशी दहाएक डॉलर वाचतील. हे दहा डॉलर लक्षात ठेवा.

वाकिय्यास हे बॉर्डरवरचं बाजाराचं गाव. मधे झारुमिया नदी, तिच्यावर पूल, पुलापलीकडे पेरूचं आग्वास वेर्देस. लोक पिशव्या घेऊन इकडून तिकडे चालत जात असतात आणि पुलावर कोणी शिक्का मारत नाही! तुम्हीही तसेच गेलात तर बिनाशिक्क्याचे पेरूत. खरं इमिग्रेशन गावाबाहेर नव्या हायवेवर आहे, तिथे दोन्ही देशांचे ऑफिसर एकाच इमारतीत बसतात, एकीकडे एक्झिट आणि शेजारी एंट्री. पण तिथपर्यंत जायला गाडी लागते, आणि अख्खा धंदा इथूनच सुरू होतो.

बसमधून उतरलो तर पन्नाशीतला एक गृहस्थ, गळ्यात ओळखपत्र, इस्त्रीचा शर्ट, इंग्लिश बरं. म्हणाला पारो आहे, पारो म्हणजे संप, पेरूच्या बाजूला रस्ता अडवलाय, बस व्हॅन सगळं बंद. आता तुम्ही म्हणाल विश्वास कसा ठेवला. तर डिसेंबर २०२२ मध्ये पेद्रो कास्तियो राष्ट्राध्यक्षपदावरून गेले आणि त्यानंतर पेरूत महिनोन्महिने रस्ते अडवले जात होते, त्यात मार्चमध्ये याकू वादळाच्या पावसाने उत्तरेकडचे रस्ते खराब केलेले. हे सगळं आम्ही वाचून गेलो होतो. म्हणजे थोडी माहिती होती तीच नडली, काहीच वाचलं नसतं तर कदाचित आणखी दोघांना विचारलं असतं.

मग म्हणाला टॅक्सी छोट्या रस्त्याने नेईल, मांकोरापर्यंत वेइन्ते, वीस डॉलर. सव्वाशे किलोमीटरला दोघांचे वीस! तिथेच शंका यायला हवी होती, आम्हाला आनंद झाला. वर म्हणाला पलीकडे सोल लागतील, म्हणजे पेरूचं चलन, इथेच बदलून घ्या. खुर्ची टाकून बसलेला एक जण, हातात कॅल्क्युलेटर, रेट ३.७०, जो बरोबरच होता. आम्ही १८० डॉलर दिले, त्याने आमच्यासमोर बटणं दाबली, स्क्रीनवर आलं ५८६. आम्ही माना डोलावल्या. खरं उत्तर ६६६ येतं. मी बी.कॉम. आहे हे कृपया कुणाला सांगू नका.

सॅक डिकीत गेल्या, पुढे ड्रायव्हरशेजारी त्याचा एक 'भाऊ' बसला. इमिग्रेशनला शिक्के वगैरे व्यवस्थित झाले, तिथे काही तक्रार नाही. बाहेर आलो तर समोर मांकोराची पाटी लावलेली बस उभी, लोक चढतायत, संपबिंप काही नाही. मावसभाऊ माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे, आणि दोघांच्या सॅक कुलूप लावलेल्या डिकीत. बस गेली. खरं सांगतो, फसलोय हे तेव्हाच कळलं होतं आणि तरी परत त्याच टॅक्सीत बसलो.

पुढे एका सुनसान ठिकाणी गाडी थांबली. वीस फक्त इमिग्रेशनपर्यंतचे होते म्हणे, आता पुढचे, पोलिसांचे, भावाचे. चाकू नाही, शिवी नाही, एकदम शांतपणे हिशोब मांडत होता आणि भाऊ डिकीला टेकून उभा. सगळे मिळून १२० डॉलरवर मिटलं. आणि एवढं घेऊनसुद्धा मांकोराला नाहीच नेलं, टुंबेसमध्ये रस्त्याच्या कडेला उतरवून गेला, अजून शंभरेक किलोमीटर बाकी!

टुंबेसच्या व्हॅनमध्ये पन्नास सोलची नोट दिली. कंडक्टरने अंगठ्याने घासली, उजेडात धरली आणि न बोलता परत माझ्या हातात. पेरूत हे सगळे करतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, तुम्हीही करा: खऱ्या नोटेची छपाई बोटाला खरखरीत लागते आणि उजेडात वॉटरमार्क दिसतो. ती पन्नासची आणि शंभरच्या दोन, तीन नोटा खोट्या निघाल्या. बेरीज केली तर टॅक्सीचे जास्तीचे शंभर डॉलर, कॅल्क्युलेटरचे ८० सोल, खोट्या नोटांचे २५० सोल, म्हणजे पंधरा हजार रुपयांच्या वर गेले, दहा डॉलर वाचवायला.

पुढे पिउरा, चिक्लायो, त्रुहियो सगळीकडे बस कंपनीच्या स्वतःच्या टर्मिनलवर जाऊनच तिकीट काढलं, पैसे एटीएममधून, आणि टॅक्सीत सॅक मांडीवर, पाय आखडले तरी चालतील. भाडं कागदावर लिहून घ्यायचो, 'दोघांचे मिळून, अमुक ठिकाणापर्यंत' असं.

हां, टुंबेसमध्ये व्हॅनच्या स्टँडपर्यंत सोडणारी मोटोटॅक्सी, म्हणजे आपली रिक्षाच, बजाजची होती. आम्ही संभाजीनगरचे, वाळूजच्या बजाज कारखान्याच्या फाटकासमोरून शाळेत गेलेली पोरं. 'इंदिया' म्हणल्यावर ड्रायव्हर खूश होऊन हँडलवर थाप मारून 'बजाज, बजाज' करत होता आणि त्याने ठरलेले तीन सोलच घेतले. मावसभाऊ मात्र उतरेपर्यंत दोन्ही सॅक घट्ट धरून बसला होता.