एटन की डॉन्चिच? पहिला पिक हातात असताना ‘गरज’ कशी मोजायची

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, वरचा पिक (आधी निवडायची पाळी) लागला की चाहत्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, सगळ्यात गुणी खेळाडू उचला. दुसरा म्हणतो, रिकामी जागा भरा. 2018 च्या फिनिक्स सन्स या संघाच्या निवडीत दोघांनाही पुरेल एवढा दारूगोळा आहे.

2017-18 मध्ये सन्स 21 सामने जिंकले, 61 हरले. डेव्हिन बुकर सोडला तर भरवशाचं कुणी नव्हतं. भक्कम सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) हवा, हे सगळेच बोलत होते. धड पॉइंट गार्डही (डाव रचणारा खेळाडू) नव्हता, याची चर्चा मात्र कमी झाली.

डेआन्ड्रे एटन: सात फुटी, अंगानं भरलेला, तरी पायांत चपळ. ॲरिझोना विद्यापीठात एकच मोसम, सरासरी 20.1 गुण आणि 11.6 रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेला चेंडू). उंचीच्या मानानं ब्लॉक (समोरच्याची फेक हवेत अडवणं) कमी, ही शंका.

लुका डॉन्चिच: वय 19, रेआल माद्रिदकडून युरोलीग या युरोपातल्या अव्वल क्लब स्पर्धेचं विजेतेपद आणि मोसमाचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) किताब. पाय मंद आहेत, शिवाय बुकरलाही चेंडू हातात लागतो, हे दोन आक्षेप. गंमत म्हणजे सन्सचे नवे प्रशिक्षक इगोर कोकोश्कोव यांनी 2017 मध्ये याच डॉन्चिचला घेऊन स्लोव्हेनियाला युरोबास्केट ही युरोपातल्या देशांची स्पर्धा जिंकून दिली होती. सन्सनी एटन घेतला.

पहिल्या मोसमात एटन 16.3 गुण, 10.3 रिबाउंड, डॉन्चिच 21.2 गुण, 7.8 रिबाउंड, 6 असिस्ट (गुण होणारा पास) आणि ‘रूकी ऑफ द इयर’ म्हणजे सर्वोत्तम नवखा. सन्स 19 जिंकले, 63 हरले. एटन वाईट खेळला असं अजिबात नाही. त्याला चेंडू पोचवणारा कुणी नव्हता, आणि सेंटर सहसा स्वतःहून डाव रचत नाही.

ती उणीव भरायला सन्सनी नोव्हेंबर 2020 मध्ये अनुभवी पॉइंट गार्ड ख्रिस पॉल आणला: वय 35, त्या मोसमाचा पगार 4 कोटी 10 लाख डॉलरच्या वर, बदल्यात चार खेळाडू आणि पहिल्या फेरीचा एक पिक. मग एटन खुलला. 2021 च्या वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलचा (एनबीए फायनलआधीची मालिका) दुसरा सामना पाहा: क्लिपर्स एका गुणानं पुढे, घड्याळात 0.9 सेकंद. बुकरनं क्लिपर्सचा सेंटर झुबात्सला स्क्रीन लावली, म्हणजे अंगानं वाट अडवली, सन्सच्याच जे क्राउडरनं बाहेरून चेंडू थेट रिमवर (बास्केटच्या कड्यावर) फेकला, एटननं तो हवेतच कोंबला. 104-103. पुढे सन्स एनबीए फायनलला पोचले. एटनवाल्यांचा हा हुकमी एक्का, आणि तो खोटा नाही.

पण हिशेब पुढे बिघडला. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा, पगार ठरलेला; तेवढीच स्वस्ताई. ऑक्टोबर 2021 पर्यंत सन्सनी एटनला हवी ती कमाल मुदतवाढ दिली नाही. जुलै 2022 मध्ये इंडियाना संघानं 4 वर्षांसाठी 13 कोटी 30 लाख डॉलरचा देकार दिला. एटन फुकट जाऊ नये म्हणून सन्सना तेवढेच मोजावे लागले, वर वर्षभर त्याच्या संमतीशिवाय ट्रेड (दुसऱ्या संघाशी अदलाबदल) करण्याची सोय गेली. दोन महिने आधी प्लेऑफ मालिकेच्या निर्णायक सातव्या सामन्यात डॉन्चिचच्या डॅलस संघानं सन्सना त्यांच्याच घरी 123-90 असं धुतलं होतं; मध्यंतराला डॉन्चिचचे 27 गुण, अख्ख्या सन्सचेही 27. 2023 मध्ये एटन पोर्टलंडला गेला.

म्हणून पहिल्या तीन पिकांत आजची रिकामी जागा पाहू नये, असं माझं स्पष्ट मत. खेळाडू मुरायला तीन-चार वर्षं लागतात, तोवर संघ अर्धा बदललेला असतो. बाजारात काय स्वस्त मिळतं ते आधी पाहा. रिबाउंड घेणारा, स्क्रीन लावणारा सेंटर एका वर्षाच्या छोट्या करारावर मिळतो. 2021 मध्ये सन्सनीच जॅव्हेल मॅगी तसा आणला. स्वतः डाव रचणारा, सहा फूट सात इंची गार्ड तसा मिळत नाही. त्याच ड्राफ्टमध्ये सॅक्रमेंटो संघानंही डीॲरन फॉक्स हा गार्ड आहे म्हणून दुसऱ्या पिकावर मार्विन बॅगली घेतला, तो तर आणखी फसला.

दहाव्या पिकाच्या आसपास मात्र हाच नियम उलटा लावायला हरकत नाही, कारण तिथे उरलेल्यांच्या गुणवत्तेत फारसं अंतर नसतं. 2018 च्या ड्राफ्टच्या रात्रीच सन्सनी सोळावा पिक आणि हाती असलेला मायामीचा 2021 चा पहिल्या फेरीचा पिक देऊन दहाव्या पिकावर निवडलेला मिकाल ब्रिजेस घेतला: वय 21, कॉलेजची दोन विजेतेपदं, बचावात तयार. पुढे केव्हिन ड्युरंट या बड्या खेळाडूला आणताना सन्सना ब्रिजेसच द्यावा लागला.