एका हाताने उघडतं का? मुलांसोबतच्या प्रवासातल्या वस्तूंची पारख

बर्तन बाजारात फ्लास्क बघा, जेल रोडवर किटली बघा, नाहीतर घरबसल्या मागवा. वस्तू हातात आली की आधी एक हात पाठीमागे न्या आणि उरलेल्या हाताने ती उघडून, बंद करून बघा. दोन वर्षांचं मूल बरोबर असलं की एक हात त्याच्या मनगटाशी नाहीतर कमरेवर अडकलेलाच असतो. म्हणून खाली एकेका वस्तूला आधी हीच कसोटी लावली आहे, किंमत आणि रंगरूप त्यानंतर.

इंदूरकरांचे प्रवास तसे ठरलेले. रात्रभराची मुंबईची अवंतिका एक्स्प्रेस किंवा पुण्याची रेल्वेगाडी, सिमरोलच्या पुढे भेरूघाटातून ओंकारेश्वर, सेंधव्याच्या पुढे बिजासन घाट उतरून धुळं-नाशिक, आणि सुट्टीचा दिवस काढून महेश्वर. गाडीत गरम पाणी हवं, घाटात पोट सांभाळायला हवं, महेश्वरला पायऱ्या उतरायच्या. या तीन जागी जी वस्तू उपयोगी पडत नाही तिचं वजन का वाहायचं?

सगळ्यात आधी स्टीलचा निर्वात फ्लास्क. एकच वस्तू घ्यायची असेल तर हीच घ्या. ५०० मिलीचा पुरतो. एक लिटरचा भरल्यावर दीड किलोच्या आसपास जातो आणि तो एका हाताने कपात नेमका ओतणं अवघड. चांगला ५०० मिलीचा फ्लास्क हजाराच्या आतबाहेर मिळतो. तळावर आयएसआयचं चिन्ह आणि त्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की परवाना खरा की खोटा ते तिथेच कळतं.

दुकानात आणखी एक गोष्ट करा. शेजारच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी घेऊन फ्लास्क भरा, झाकण लावा आणि पाच मिनिटं थांबा. मग पोटाला, म्हणजे मधल्या भागाला, तळवा लावा. गळ्याशी कोमट लागलं तर हरकत नाही, तिथे आतली आणि बाहेरची भिंत जोडलेली असते. पण पोट गरम लागलं तर दोन भिंतींमधला निर्वात गेलेला आहे, तो फ्लास्क दोन तासांत पाणी कोमट करून ठेवील. जुना फ्लास्क एकदा जोरात पडला असेल तर त्याचीही अशीच परीक्षा घ्या. चेपलेला दिसत नसला तरी तळाचं सीलबंद टोक उखडलेलं असू शकतं.

झाकणं दोन प्रकारची. पूर्ण फिरकीचं बूच उष्णता जास्त धरतं, पण ते उघडायला दोन हात लागतात. बटणाचं झाकण अंगठ्याने उघडतं, एका हाताने ओतता येतं, पण पाणी थोडं लवकर थंड होतं आणि गळतीची तक्रारही याच झाकणाबद्दल येते. कारण बहुतेक वेळा एकच: धुताना काढलेलं रबरी वायसर उलटं बसवलेलं असतं, किंवा त्याच्या खाचेत क्षाराचा पांढरा थर साचलेला असतो. वायसर बोटाने चाचपून बघा, त्याची जाड कड कुठल्या बाजूला आहे ते पहिल्याच दिवशी लक्षात ठेवा. क्षार साचला असेल तर गरम पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून वायसर अर्धा तास बुडवून ठेवा. आमची पसंती बटणाच्या झाकणालाच. मात्र बटण अडकवून ठेवणारी छोटी खिट्टी त्याला हवीच, नाहीतर पिशवीत दाबलं जाऊन कपडे भिजतात.

भरण्याची रीत: आधी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं ठेवा, ते ओतून द्या, मग पुन्हा उकळतं पाणी गळ्यापर्यंत भरा. अर्धा भरलेला फ्लास्क भरलेल्यापेक्षा बराच लवकर थंड होतो. आणि त्यात दूध कधीच भरू नका. दूध सावकाश कोमट होत जातं आणि जिवाणूंना वाढायला नेमकं तेच तापमान मानवतं, शिवाय वायसरला धरलेला वास जाता जात नाही.

सहा महिन्यांपर्यंत अंगावर पिणाऱ्या बाळाला वेगळं पाणीसुद्धा लागत नाही, त्यामुळे त्या घरात फ्लास्क आईच्या चहासाठी. पावडरचं दूध चालू असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ध्यानात ठेवा: पावडरवर पडणारं पाणी ७० अंशांच्या खाली नसावं, कारण पावडर निर्जंतुक नसते. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी घरी एक चाचणी घ्या. दुपारी चारला फ्लास्क भरा, रात्री बाराला स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरने बघा. ७० च्या वर असेल तर अवंतिकेत मध्यरात्रीचं दूध निभावलं. पावडर घरूनच कोरड्या डब्यांत एकेका वेळेची मोजून न्या. हलत्या गाडीत चमचे मोजताना चूक होते आणि दूध पातळ किंवा घट्ट होतं. दूध कालवलं की बाटली थंड पाण्याच्या स्टीलच्या पेल्यात धरून फिरवत राहा, मग मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. केलेलं दूध दोन तासांच्या आत संपवायचं, उरलेलं टाकून द्यायचं. पुन्हा गरम करून देऊ नका.

थोड्या मोठ्या मुलांसाठी हाच फ्लास्क जेवण करून देतो. झाकणाच्या डब्यात मूठभर पातळ पोहे, चिमूट मीठ, थोडी साखर, वर पोहे बुडतील एवढं गरम पाणी, झाकण लावून पाच मिनिटं. वर शेव घाला. जिरावण, म्हणजे पोह्यांवरचा इंदुरी मसाला, मोठ्यांच्या वाट्याला. भाजलेल्या बारीक रव्याचंही असंच होतं, पण त्याला वाटीला तीन वाट्या पाणी आणि पंधरा मिनिटं लागतात, आणि डबाही रुंद तोंडाचा, उष्णता धरणारा हवा. साध्या प्लास्टिकच्या डब्यात रवा कच्चा राहतो.

मग विजेची किटली कशाला, हा प्रश्न येतोच. रेल्वेत तिचं कामच नाही. डब्यातलं सॉकेट मोबाइल-लॅपटॉपपुरतं असतं, किटली लावणं नियमबाह्य आहे आणि तारा तापून आग लागण्याचा धोका खरा आहे. हॉटेलच्या खोलीत मात्र ती कामाची. ६०० वॉटची किटली अर्धा लिटर पाणी साधारण पाच मिनिटांत उकळते. सिलिकॉनची घडी होणारी घेत असाल तर दोन गोष्टी बघा. घडीच्या वळ्यांत क्षार अडकतो आणि तिथे घासणी पोहोचत नाही, ही तिची कायमची उणीव. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: अशा कित्येक किटल्यांच्या तळाला ११० आणि २२० व्होल्टची कळ असते. ती ११० वर राहिली आणि आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावली तर कॉइल जवळपास चौपट वीज खेचते आणि काही क्षणांत जळते. डबा उघडल्याबरोबर कळ २२० वर करून वर चिकटपट्टी लावा. बाळाच्या बाटल्यांच्या निर्जंतुकीकरणाची अतिनील प्रकाशाची पेटी घेऊ नका. बाटलीच्या सावलीतल्या भागात प्रकाश पोहोचत नाही, आणि पातेल्यात दहा मिनिटं उकळणं कुठेही जमतं.

आता मोटारीची चाइल्ड सीट. ही खर्चाची वस्तू आहे, पण हिच्यात काटकसर करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांच्या सीटशिवाय बसवल्यास १००० रुपये दंड आहे. दंडापेक्षा मोठी गोष्ट ही की मांडीवरचं मूल अचानक ब्रेक लागल्यावर हातात धरून ठेवणं कुणाच्याच ताकदीत नसतं.

स्वतःच्या गाडीत आयसोफिक्सचे हुक असतील तर काम सोपं. पाठ आणि बैठक यांच्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात, सीटचे दांडे त्यात खटकन बसले की खूण हिरवी होते. खरी पंचाईत भाड्याच्या गाडीत. ओंकारेश्वर-उज्जैनसाठी घेतलेल्या टॅक्सीत मागच्या सीटवर जाड कव्हर चढवलेलं असतं, आणि आयसोफिक्सच्या कड्या काय, पट्ट्याचं कुलूपसुद्धा त्याखाली गाडलेलं असतं. ड्रायव्हरदादांना आदल्या दिवशीच फोन करून सांगा, ‘भैया, पिछली सीट के बेल्ट निकालकर रखना’, आणि निघताना दहा मिनिटं हातात ठेवा. सीट पट्ट्याने बांधायची असेल तर गुडघ्याने तिच्यावर दाब देऊन पट्टा खेचा. मग पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा, इंचभरापेक्षा जास्त सरकली तर पुन्हा बांधा. खांद्यावरचा पट्टा बोटांच्या चिमटीत धरता आला तर तो सैल आहे. पट्ट्याला पीळ नको, आत दुलई किंवा जाड स्वेटर नको.

एका हाताची कसोटी इथे पट्टा आवळण्याला लावायची. पुढच्या बाजूला ओढायची एकच पट्टी असेल तर एका हाताने मुलाला धरून दुसऱ्याने आवळता येतो. खांद्यामागून दोन्हीकडे समायोजन करावं लागणारी सीट परत करा. कुलूप उघडणं मात्र कष्टाचं असलं तर चांगलंच, ते मुलाच्या अंगठ्याने निघता कामा नये. सव्वा वर्षापर्यंत तरी बाळाचं तोंड मागे असू द्या, आणि एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर अशी सीट कधीही ठेवू नका. मोठ्या मुलाला बूस्टर, म्हणजे उंच बसवणारी बैठक, लागतो, उंची दीडशे सेंटीमीटरकडे जाईपर्यंत. पट्टा पोटावर आणि गळ्याशी येत असेल तर बूस्टर हवाच; तो कमरेच्या हाडावर आणि खांद्याच्या मधोमध पडला पाहिजे. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतलं कुलूप चटका देतं, त्यावर ओला नव्हे, कोरडा सुती रुमाल टाकून ठेवा.

शहरातल्या शहरात स्कूटरवर नेताना नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला शिरस्त्राण आणि चालवणाऱ्याशी बांधणारा सुरक्षा पट्टा लागतो, वेग ४० च्या आत. बाळाला अंगाशी बांधून नेण्याची कांगारू पिशवी हा त्याला पर्याय नव्हे.

ती कांगारू पिशवी खरी उपयोगी महेश्वरला. नर्मदेच्या घाटाच्या पायऱ्यांवर बाबागाडी उचलावीच लागते, म्हणजे दोन हात गेले. पिशवी घेताना बघा की वजन कमरेच्या रुंद पट्ट्यावर येतं की नुसतं खांद्यांवर. बाळाचे गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर, हनुवटी छातीला न टेकलेली, चेहरा कायम दिसणारा. मानेमागे कुलूप असलेली पिशवी एकट्याला लावता येत नाही, दुसरं माणूस शोधावं लागतं. पाठीवर फुली होऊन कुलूप कुशीला येणारी घ्या. पायऱ्या ओल्या असतील तर मूल पाण्याकडे नव्हे, वरच्या बाजूला ठेवून उतरा.

रेल्वेत साडीची झोळी बांधण्याची पद्धत आपल्याकडे आहे, बाळं तीत छान झोपतातही. पण ब्रेकच्या धक्क्याने गाठ सरकते, आणि वरच्या बर्थची साखळी त्या ओझ्यासाठी केलेली नसते. बांधायचीच तर खालच्या बर्थपासून वीतभरच वर, आणि मोठं माणूस जागं असताना. त्यापेक्षा खालच्या बर्थवर बाळ भिंतीकडे आणि आई बाहेरच्या बाजूला हेच बरं. विकायला येणारे बर्थचे जाळीचे कठडे टाळा. त्यांच्या पकडी घरच्या पलंगाच्या मापाच्या असतात, बर्थच्या गुबगुबीत कडेवर त्या घट्ट बसत नाहीत.

नॅपीचा हिशेब सोपा: घरापासून घरापर्यंत पंधरा तास धरले तर तीन तासांना एक म्हणजे पाच, वर निम्म्या, एकूण आठ. वापरलेली नॅपी गाडीच्या शौचालयात टाकली की बायोटॉयलेट तुंबतं आणि सगळ्या डब्याची रात्र जाते. इंदूरच्या घरांत सॅनिटरी कचरा कचरागाडीला वेगळा द्यायची सवय आहेच, तीच गाडीत न्या. घड्या घालून बंद पिशवीत, स्टेशनवर उतरल्यावर डब्यात.

घाटरस्त्यासाठी कडं असलेल्या उलटीच्या पिशव्या घ्या. त्या एका हाताने उघडतात, साध्या पिशवीचं तोंड ऐन वेळी सापडत नाही. बाकी उपाय बिनखर्चाचे: हलकं खाणं, मोबाइल बंद, नजर समोरच्या रस्त्यावर. उलटी थांबावी म्हणून मनगटावर बांधायच्या पट्ट्यांचा पुरावा दुबळा आहे. औषध फक्त बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेलं आणि त्यांनी सांगितलेल्या मात्रेत.

विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या सामानातच. १०० वॉट-तासांपर्यंत चालते. २०,००० एमएएचची ७४ च्या जवळ येते, म्हणून तीच घ्या.

उज्जैनला गर्दीच्या दिवशी, आणि २०२८ च्या सिंहस्थाला तर नक्कीच, लोक मुलाच्या खिशात ब्लूटूथ टॅग घालतील. तो आसपासच्या फोनवर अवलंबून असतो, क्षणाक्षणाचा ठावठिकाणा देत नाही. आणि त्यातला नाण्यासारखा सेल मुलाने गिळला तर अन्ननलिका जळते, तेव्हा वाट न बघता रुग्णालय गाठायचं. टॅगचं झाकण स्क्रूचं असेल तरच घ्या. त्याच्या जोडीला मनगटावर कापडी पट्टी हवीच, आतल्या बाजूला दोन फोन नंबर, नाव बाहेरून दिसणार नाही असं. पट्टीवरची शाई पसरत नाही ना, ते आदल्या रात्री नळाखाली धरून बघा.