आर्ट वॉकवाल्याने घातलेली 48 हजारांची टोपी

हे लिहायला तसा उशीरच झालाय. पण मागच्या आठवड्यात मैत्रिणीने एक मेसेज फॉरवर्ड केला, "काळा घोडा ते कुलाबा एक्सक्लुझिव्ह आर्ट वॉक, फक्त 12 जागा", आणि खालचा नंबर बघितला तर मला टोपी घालणाऱ्या त्या आर्ट वॉकवाल्याचाच! म्हणजे गडी अजून जोरात चालूच आहे, म्हणून आता लाजबीज गुंडाळून ठेवून लिहिते.

मी ठाण्याची. नोकरीतून मोकळी झाल्यापासून महिन्यातून एखादा शनिवार सीएसएमटीला उतरायचं, चालत काळा घोडा गाठायचा आणि जहांगीर आर्ट गॅलरीत शिरायचं हा ठरलेला कार्यक्रम. कॉलेजात असताना चित्रांपेक्षा तिथल्या सामोवार कॅफेसाठीच जास्त जायचो खरं म्हणजे (ते 2015 ला बंद झालं, अजून चुकल्यासारखं होतं). जहांगीरला भीती वाटत नाही, कोणीही चपला फटफटवत आत जातं. पण फोर्ट-कुलाब्याच्या जुन्या बिल्डिंगांमध्ये वर ज्या प्रायव्हेट गॅलऱ्या आहेत ना, तिथे जायचं माझं धाडसच व्हायचं नाही. लाकडी जिना, बंद दार, आत एसी, लॅपटॉपवरून मान वर न करणारी एक मुलगी, आणि भिंतीवर किंमत कुठेही लिहिलेली नाही. आपण काय विचारणार आणि कशाला विचारणार.

त्याने नेमकं हेच ओळखलं. जहांगीरच्या बाहेर फुटपाथवर चित्रकार बसतात तिथे मी बघत उभी होते, हा शेजारी येऊन छान मराठीत बोलायला लागला. पस्तिशीचा असेल, लिननचा शर्ट, कार्डवर 'आर्ट अ‍ॅडव्हायझर'. पुढच्या शनिवारी वॉक आहे, मॅम, एरवी आत सोडत नाहीत अशा गॅलऱ्या दाखवतो, माणशी 1500. दिले.

आता हे नीट वाचा, एरवी आत सोडत नाहीत असं काही नसतं हो! या गॅलऱ्या सगळ्यांना फुकट उघड्या असतात, बेल वाजवायची आणि आत जायचं, किंमत विचारली तर प्राइस लिस्ट देतात, कोणी खात नाही. एनजीएमएला, म्हणजे सरकारी आधुनिक कला संग्रहालयाला, तेवढं छोटंसं तिकीट आहे. म्हणजे जे दार उघडंच होतं ते उघडून दाखवायचे मी 1500 दिले, आणि तिथेच त्याला कळलं असणार की या बाईला काही माहिती नाही.

वॉक मात्र झकास झाला, खोटं कशाला बोलू. केमोल्ड ही गॅलरी 1963 मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू झाली आणि नंतर प्रिस्कॉट रोडला गेली, कुलाब्यातली प्रोजेक्ट 88 जुन्या छापखान्याच्या जागेत आहे, 1947 च्या प्रोग्रेसिव्ह या चित्रकारांच्या ग्रुपमध्ये सूझा, रझा, हुसेन यांच्याबरोबर आरा, गाडे, बाकरे पण होते, हे सगळं त्याने सांगितलं आणि घरी येऊन तपासलं तर शंभर टक्के खरं निघालं. त्यामुळेच तर पुढचं सगळं मी न तपासता गिळलं. (त्या गॅलऱ्यांचा आणि याचा काडीचा संबंध नाही, त्यांच्या दृष्टीने आम्ही नुसते बघे होतो.)

मधे इराण्याकडे चहा झाला. तिथे गप्पांत मी सांगून बसले की माझं माहेर माणदेशातलं, आटपाडीकडचं, लहानपणी टँकरच्या रांगेत उभी राहिलेली मी. साहेबांनी नुसतं हं हं केलं.

संध्याकाळी बाकीचे पांगल्यावर मला आणि वॉकमधल्या आणखी एका बाईला म्हणाला, वेळ असेल तर एका उभरत्या चित्रकाराचं काम दाखवतो, अजून कोणाला दाखवलेलं नाही. फोर्टातल्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर खोली, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली सात-आठ कॅनव्हास. त्यातलं त्याने नेमकं एकच माझ्यासमोर फिरवलं. कोरडी विहीर, वरून बघितलेली, काळा-निळा रंग आणि तळाशी एक पिवळा ठिपका, घागर आहे की चंद्र कळत नाही. साधारण तीन बाय चार फूट. मुलगा माणदेशातला आहे मॅम, जेजे आर्ट स्कूलमध्ये शिकला, पुढच्या वर्षी जहांगीरला शो आहे, मग किंमत डबल. माझ्या डोळ्यात पाणी आलं हे कबूल करते.

मग चित्रकार गायतोंडेंचा विषय निघाला. गिरगावच्या चाळीत वाढलेला आपला माणूस, आणि 2013 च्या डिसेंबरमध्ये इथे ताजमधल्या लिलावात त्यांचं एक चित्र 23 कोटी 70 लाखांना गेलं. हेही खरंच आहे! पण गायतोंडेंच्या लिलावाने माझ्या विहिरीची किंमत का वाढावी हे मला त्या क्षणी सुचलं नाही. आणि जहांगीरचं म्हणाल तर ते हॉल आठवड्याच्या भाड्याने देतात, अर्ज करायचा, निवड झाली तरी नंबर लागायला वर्षानुवर्षं जातात. तिथे शो होणं मानाचं आहेच पण त्याने भाव डबल होतो हा कुठला नियम.

65 हजार सांगितले, आज केलं तर 48. दीड वर्षात नको वाटलं तर दीडपट किमतीला परत घेऊ, हे सर्टिफिकेटवर लिहून दिलं. पैसे यूपीआयने भलत्याच नावाच्या खात्यात गेले, विचारलं तर म्हणे अकाउंटंटचं आहे. बिल नंतर मेल करतो. ते आलं नाहीच.

तीन आठवड्यांनी फ्रेम करायला आमच्या इथल्या फ्रेमवाल्याकडे नेलं. त्याने उलटं केलं, सुलटं केलं, ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं आणि म्हणाला, "ताई, हे रंगवलेलं नाहीये, छापलंय. वरून पारदर्शक जेल ब्रशने फिरवलंय." मग मोबाइलचा टॉर्च बाजूने मारून दाखवलं, ब्रशचे फटकारे एकीकडे आणि रंग दुसरीकडे, म्हणजे काळा संपून निळा सुरू होतो तिथे फटकारा थांबतच नाही, सरळ वरून निघून जातो. हाताने रंगवलेल्या कॅनव्हासच्या कडेला सहसा कुठेतरी ओघळ, बोटं, डाग असतात, इथे कडा पट्टीने आखल्यासारख्या. भिंग लावलं तर शाईचे बारीक ठिपके. आणि सर्टिफिकेटवर काय, तर 'मिक्स्ड मीडिया ऑन कॅनव्हास', म्हणजे कॅनव्हासवर एकाहून जास्त माध्यमं, किती हुशारीने लिहिलंय बघा! प्रिंट विकणं हा काही गुन्हा नाही, सेरिग्राफ, एचिंग वगैरे प्रकारचे प्रिंट पेन्सिलने 7/50 (पन्नासातली सातवी प्रत) असा नंबर आणि सही करून राजरोस विकतात, मीही घेतलं असतं. पण प्रिंट म्हणून, प्रिंटच्या भावात.

मुलीने घरी येऊन फोटोवरून सर्च मारला आणि अर्ध्या तासात खरा चित्रकार इन्स्टावर सापडला. हे मी आधीच करू शकले असते, त्याचा राग सगळ्यात जास्त येतो. मुलगा खरा, माणदेशातला पण खरा, चित्रही त्याचंच. मूळ चित्र दोन वर्षांपूर्वीच विकलं गेलेलं, आणि याने कॅटलॉग करतो म्हणून त्याच्या सगळ्या कामाचे मोठे फोटो काढून नेले होते. त्याला एक पैसा मिळालेला नाही. फोनवर तो मलाच सॉरी म्हणत होता, काय बोलणार. सर्टिफिकेटवरची सही दाखवली तर म्हणाला, "मावशी, मी मराठीत सही करतो."

मुलगी समजूत घालत होती की 2009 मध्ये दिल्लीत खुद्द रझा स्वतःच्या चित्रांच्या प्रदर्शनाला गेले तर भिंतीवर नकली चित्रं लावलेली, तिथे तुझं काय. बरं वाटलं थोडं, पण रझांचे 48 हजार गेले नव्हते.

त्याला फोन केला तर आधी गोड बोलला, मग प्रिंट आहे असं तुम्हाला सांगितलं होतं म्हणाला, मग ब्लॉक. पोलिसांनी पहिल्यांदा दिवाणी मामला आहे, वकील करा म्हणून परत पाठवलं. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन महिना झाला होता, तोवर खात्यात काय राहणार. पुढच्या खेपेला चित्रकाराचं लेखी निवेदन, खोटी सही, यूपीआयचा स्क्रीनशॉट, सगळं घेऊन गेले तेव्हा अर्ज घेतला आणि शिक्का मारलेली पोच दिली.

आता त्या वॉकमधली दुसरी बाई पण माझ्याबरोबर आलीये, तिच्याकडे पण विहीरच आहे, तीच, पिवळ्या ठिपक्यासकट. फॉरवर्ड करणाऱ्या मैत्रिणीच्या नणंदेने त्याच्याकडूनच 'बैल' हे चित्र घेतलंय, ते कालच टॉर्च मारून बघितलं. म्हणजे तिघी झालो. तुमच्या घरी असलं काही असेल तर सर्टिफिकेट रागाने फाडू नका, चॅट डिलीट करू नका आणि मला कळवा, पुढच्या सोमवारी आम्ही परत पोलीस स्टेशनला जातोय.