समतेचा वेगळा पेपर की सगळ्या पेपरांत थोडी थोडी? ठरवणाऱ्यांसाठी नाशिकहून

आमच्याकडे शाश्वत अन्नव्यवस्थेचा एक वर्षाचा डिप्लोमा सुरू करायचं चाललंय आणि दोन महिने झाले, मीटिंग एकाच जागी अडकलीये. जमीन, जात, बायांचं काम, मजुरी, रेशन हे शिकवायचं याला कोणाचाच विरोध नाही (तोंडावर तरी नाही), भांडण एवढंच की याचा चार क्रेडिटचा वेगळा पेपर करायचा, की पीकसंरक्षण, अर्थशास्त्र, मार्केटिंग अशा सगळ्यांत ते मुरवायचं. मी दोन्ही प्रकारे शिकवून बघितलंय, म्हणून जे दिसलं ते लिहितोय.

वेगळ्या पेपरचं मोठं सुख म्हणजे त्याला टाइमटेबलात जागा मिळते आणि मार्क मिळतात. आपल्याकडे ज्याला मार्क नाहीत ते पोर्शन उरला की पहिलं उडतं, हे काय सांगायला नको. दुसरं, गोष्ट सलग सांगता येते. काळारामाच्या सत्याग्रहातले दादासाहेब गायकवाड पुढे भूमिहीनांच्या सत्याग्रहाकडे कसे आले, कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासींना हक्क देणारा २००६ चा वनहक्क कायदा झाला तरी मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत माणसं फोड आलेल्या पायांनी का चालत गेली, आणि आमच्या जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतली माणसं दर हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांत टोळीने का येतात, हे जोडायला आठ-दहा तास लागतात, मातीपरीक्षणाच्या पेपरात ते बसणार कुठे.

पण दोन वर्षांत त्याचं गाइड होतं. समतेची व्याख्या सांगा, पाच मुद्दे लिहा, संपलं. बाकीचे सर-मॅडम पण निवांत, "ते तुमच्या पेपरात येतं ना." आणि एक गोष्ट मला स्वतःला फार खटकली, वर्गात सुरगाण्याचा एक पोरगा होता, प्रत्येक तासाला सगळे त्याच्याकडेच बघायचे, मी पण एकदा बोलून गेलो "तू सांग तुमच्याकडे कसं असतं", आणि तो पुढच्या आठवड्यापासून मागच्या बाकावर गेला. चूक माझीच.

मुरवायच्या पद्धतीत हे कमी होतं कारण विषय कोणा एका पोराचा न राहता पिकाचा होतो. द्राक्षाचंच घ्या. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट (वेलीची वाढ रोखणारं रसायन, इथे त्याला सीसीसी म्हणतात) याच्या अंशामुळे आपला माल युरोपात अडकला होता, ते सीसीसी प्रकरण इथल्या बागायतदारांच्या पोरांना तोंडपाठ, रेसिड्यू किती चालतो, शेवटची फवारणी आणि काढणी यात किती दिवस ठेवायचे सगळं येतं. मी एवढंच विचारलं की सकाळी फवारणी झाली तर थिनिंगवाल्या, म्हणजे घडातले मणी विरळणाऱ्या, बाया बागेत कधी शिरायच्या? वर्ग गप्प. युरोपात बसून मणी खाणाऱ्याची काळजी सिलॅबसमध्ये आहे, मणी विरळणाऱ्या बाईची नाही, आणि हे पीकसंरक्षणाच्याच तासाला कळलं म्हणून टोचलं, माझ्या तासाला कळलं असतं तर वहीत गेलं असतं.

अर्थशास्त्रात तर तयार मालच आहे. हमीभाव काढताना सरकार ए-टू प्लस एफएलच्या दीडपट धरतं, यातला ए-टू म्हणजे खिशातून केलेला खर्च आणि एफएल म्हणजे घरच्यांचे कष्ट. कांद्याला हमीभाव नाही ते सोडा, पण हिशोब तसाच मांडता येतो म्हणून पोरांना आपापल्या घरचा कांद्याचा तक्ता भरायला सांगितला. निफाडच्या एकाने आईच्या नावापुढे शून्य दिवस लिहिले, म्हणाला ती घरीच असते. म्हटलं लाव फोन, स्पीकरवर ठेव. माउली आधी विचारते जेवला का, मग म्हणते दिवस कोण मोजतं रे, रोप उपटलं, लागवड केली, दोनदा निंदलं, पात कापली, चाळीत भरताना निवडला... पोरगा लिहित गेला, एका एकराला तिचे बेचाळीस दिवस भरले. सातबारा अर्थात वडलांच्या नावावर. २०१५-१६ च्या कृषीगणनेत देशातल्या वहिवाटीच्या खात्यांपैकी बायांची साधारण १४ टक्केच होती, हा आकडा मी त्यानंतर फळ्यावर लिहिला, आधी लिहिला असता तर कोणी मान वर केली नसती.

तोटा? सगळं शिक्षकाच्या मर्जीवर. ज्या सरांना हे पटत नाही ते एक स्लाइड टाकून मोकळे होतात आणि कोणाला तपासता येत नाही. तासिका तत्त्वावरचे शिक्षक तर दरवर्षी बदलतात, त्यांना कोण समजावणार.

बाहेर काही ठिकाणी मधला रस्ता काढलाय. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात लँड, फूड अँड कम्युनिटी म्हणून कोर्सची साखळीच आहे, वेगवेगळ्या वर्षांत पसरलेली, पोरं गटाने स्थानिक संस्थांबरोबर काम करतात. आपल्याकडे जवळचं म्हणजे बीएस्सी ॲग्रीचं रावे, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव, गावात राहायचं, नकाशा काढायचा, सर्व्हे करायचा. पण मी बघितलेली यजमान घरं बहुतेक बागायतदारांची, त्यामुळे गाव ओट्यावरून दिसतं, मजुरांच्या झोपडीतून नाही. तो भाग बदलल्याशिवाय दोन्हीपैकी काहीही निवडा, फरक पडणार नाही.

माझं मत विचाराल तर, पक्के शिक्षक असतील आणि त्यातल्या तीन-चौघांना रस असेल तर डोळे झाकून मुरवा. नसतील तर वेगळा पेपर घ्याच, पण चार नाही, दोन क्रेडिटचा, आणि उरलेल्या दोन क्रेडिटच्या बदल्यात प्रत्येक पेपरात यावरचा एक सक्तीचा दहा मार्कांचा प्रश्न मागून घ्या. प्रश्न त्या त्या विषयाच्या शिक्षकानेच काढायचा, तुम्ही काढून दिला की परत "तुमचा पेपर" होतो.

आम्ही हेच मांडलंय. पीकसंरक्षणाच्या सरांनी थिनिंगवाला प्रश्न मार्किंग स्कीमसकट काढून दिलाय, मार्केटिंगवाले म्हणतात आमच्यात काय बसणार, त्यांना सोमवारी पिंपळगाव मार्केटला घेऊन जायचं ठरलंय, पहाटे, हमालांच्या वेळेला.