धुकट निसर्गचित्रासाठी राइस पेपर : कच्चा घ्यावा की पक्का?

शाई आणि जलरंगाचे वॉश (पातळ, पाणीदार थर), त्यावर जरासं गुआश (अपारदर्शक जलरंग), शेवटी सॉफ्ट पेस्टल किंवा चारकोल. अशा मिश्र माध्यमात धुक्यातले डोंगर करायचे तर रंगांच्या आधी कागद ठरवावा लागतो. इथे राइस पेपर म्हणजे शुआन (xuan) हा चिनी चित्रकागद धरला आहे: कच्चा, म्हणजे सरस न दिलेला, आणि पक्का, म्हणजे सरस-तुरटीचं पाणी फिरवलेला. दोन्हींत एक गोष्ट सारखीच बघायची. लगद्यात झाडाच्या सालीचं प्रमाण जास्त असलेला कागद घ्यावा, पेंढ्याचं जास्त असेल तर तो ओला झाल्यावर हातात येतो.

पक्क्याची बाजू आधी, कारण सुरुवातीला तोच आवडतो. रंग वर बसून राहतो, पसरवायला वेळ मिळतो, रेष फुटत नाही. चुकलेली कड ओल्या ब्रशने उचलता येते. मात्र याच गुणामुळे वाळलेल्या डोंगरावर दुसरा वॉश दिला की खालचा सुटतो आणि दोन्ही मिळून गढूळ होतात. वॉश वाळताना कडेला गडद रेघही धरतो. हात हलका ठेवला तर एवढं निभावून नेता येतं.

निभत नाहीत ते ठिपके. सरस-तुरटीचा थर सगळीकडे सारखा नसतो, आणि कागद जुना झाला किंवा दमट जागी राहिला की तो जागोजागी मरतो. कोऱ्या कागदावर यातलं काही दिसत नाही. आकाशाचा फिकट करडा वॉश फिरवला की मगच टाचणीच्या डोक्याएवढे गडद ठिपके उमटतात, कारण तेवढ्या जागेत रंग वर न थांबता तंतूंत शिरतो. शिरलेला रंग उचलता येत नाही. फुलापानांच्या चित्रात हे पाकळ्यांखाली झाकून जाईल. धुक्याच्या चित्रात अर्धा कागद म्हणजे नुसतं रिकामं आकाश, तिथे झाकणार कशाने? पांढऱ्या गुआशने झाकायला गेलं की धुक्यात चुन्याचा डाग दिसतो. कोपरा ओला करून तपासता येतं, पण कोपरा चांगला निघाला म्हणून मधला भाग चांगला असेलच असं नाही. अख्ख्या कागदावर नवा थर द्यायचा तर रंगवण्याआधीच द्यायला हवा, आणि तुरटी जास्त झाली की वाळल्यावर बारीक चमक येते, पुढे कागद कडक होऊन मोडतो. आमच्यासारख्यांना पक्का नकोसा होतो तो एवढ्याचसाठी.

कच्चा कागद कुरकुऱ्या स्वभावाचा आहे, पण त्यावर काम कसं करायचं ते आधी सांगतो. खाली लोकरी फेल्ट घालावं. डोंगराचा माथा मध्यम गडद शाईने ओढावा आणि पायथा स्वच्छ पाण्याच्या ब्रशने आधीच ओला करून ठेवावा. ओलीची चमक गेली की शाई तिकडे उतरू द्यावी. चमक असताना सोडली तर ती फार लांब पळते, पूर्ण वाळल्यावर सोडली तर कड कापल्यासारखी येते. वाळल्यावर छटा बरीच फिकी पडते, म्हणून ओल्यात जरा जास्तच गडद वाटायला हवी. कार्बनची (काजळीची) शाई एकदा वाळली की तंतूंत बसते, त्यामुळे लांबच्या डोंगररांगा एकावर एक, प्रत्येक थर पूर्ण वाळवून, चढवता येतात. ढग अजून मऊ हवे असतील तर कागद उलटा करून पाठीमागून फिकट वॉश द्यावा. ही सोय पक्क्यात जवळपास नाहीच.

कच्चा अडतो पेस्टलपाशी. एकेरी (एका थराचा) कागद पातळ असतो, पेस्टल घासलं की तंतू सुटून वर येतात. (तैवानचे चित्रकार लिऊ कुओ-सुंग यांनी जाड तंतूंचा कागद वापरून, रंगवल्यावर तंतू ओढून काढून पांढऱ्या रेषा मिळवल्या, ठरवून केलं तर तेही तंत्रच.) उपाय असा: वॉश संपले की चित्र एक-दोन दिवस वाळू द्यावं, मग पाठीला गव्हाच्या स्टार्चची दुधासारखी पातळ खळ लावून दुसरा कागद चिकटवावा. ब्रश मधून कडेकडे फिरवावा, नाहीतर बुडबुडे अडकतात. चारही कडा बोर्डाला चिकटवून वाळवलं की सुरकुत्या आपोआप ताणल्या जातात. बाटलीतल्या काही शाया खळीच्या ओलीने ओघळतात, तेव्हा तुकड्यावर आधी बघावं. शाईची वडी पाण्यात उगाळून केलेली शाई नीट वाळली असेल तर सहसा ओघळत नाही.

मग जिथे गुआश किंवा बारीक फांद्या हव्यात तेवढ्याच जागी सरस-तुरटीचं पाणी द्यावं. एक लिटर पाण्याला साधारण १५ ग्रॅम सरस आणि ५ ग्रॅम तुरटी. सरस रात्रभर भिजवून कोमट पाण्यावर विरघळवावा, उकळला तर चिकटपणा जातो. तुरटी शेवटी घालावी. दोन पातळ हात, मध्ये पूर्ण वाळवून. म्हणजे पक्क्याचा फायदा हवा तिथेच मिळतो आणि आकाश मोकळं राहतं. पेस्टल सगळ्यात शेवटी. फिक्सेटिव्ह (पेस्टल झडू नये म्हणून मारायचा फवारा) दुरून, हलकं मारावं, कारण त्याने पांढरं पेस्टल दबून जातं. धुक्याचे शेवटचे पांढरे हात फिक्सेटिव्हनंतरच द्यावेत.

घरं, पूल, होड्यांची दोरखंडं असं रेषेचं काम जास्त असेल तर मात्र पक्काच बरा. तेव्हा नवा साठा मागावा, कोरड्या जागी गुंडाळून ठेवावा आणि आकाश शक्यतो छोटं ठेवावं.