पीएसए वाढलंय, आता पुढची रक्तचाचणी कोणती?

प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, रक्तचाचणीच्या रिपोर्टवर ‘टोटल पीएसए ५.८’ असं ठळक छापलेलं असतं, शेजारी मर्यादा ४ ची, आणि त्या एका ओळीने घरातल्या सगळ्यांची झोप उडते. मग कुणी फ्री पीएसए करा म्हणतं, कुणी पीएचआय, कुणी फोर-के स्कोर. यातली एकही चाचणी प्रोस्टेटचा कॅन्सर आहे की नाही हे ठरवत नाही. बायोप्सी, म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणं, करावी का, एवढ्याच प्रश्नाला त्या मदत करतात.

सगळ्यात जास्त गैरसमज साध्या पीएसएबद्दल आहेत. हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन, वीर्य पातळ करणारं. निरोगी ग्रंथीतूनही ते थोडं रक्तात उतरतं. वयानुसार ग्रंथी मोठी झाली, लघवीचा जंतुसंसर्ग झाला, कॅथेटर घातला, की आकडा चढतो. ४ ते १० च्या दरम्यान पीएसए असलेल्या साधारण चौघांपैकी एकाच्याच बायोप्सीत कॅन्सर सापडतो. उलट ४ च्या खाली असलेल्यांनाही तो असू शकतो.

म्हणून पहिल्याच चढलेल्या आकड्यावर पुढची चाचणी करायची घाई करू नका, असं मी कळकळीने सांगेन. संसर्ग असेल तर उपचार पूर्ण करून काही आठवडे जाऊ द्या. नमुन्याआधी दोन दिवस वीर्यस्खलन आणि सायकल टाळा, आणि पीएसए त्याच लॅबमध्ये पुन्हा करा. लॅब बदलली की मोजण्याची पद्धत बदलते आणि आकडाही हलतो. कितीतरी जणांचा आकडा दुसऱ्या खेपेला खाली येतो.

तो ४ ते १० मध्येच राहिला, तर फ्री पीएसए. रक्तातलं बरंचसं पीएसए इतर प्रथिनांना चिकटलेलं असतं, थोडं मोकळं. कॅन्सरमध्ये मोकळ्याचा वाटा घटतो. वरच्याच रिपोर्टमध्ये फ्री ०.८७ आलं, तर ०.८७ भागिले ५.८, म्हणजे १५ टक्के. २५ च्या वर दिलासा, १० च्या खाली काळजी. हे १५ मात्र अधांतरी. टोटल १० च्या वर असेल तर या भागाकाराने फारसं काही हाती लागत नाही.

अशा अधांतरी राहिलेल्यांना पीएचआय उपयोगी पडतो. टोटल, फ्री आणि प्रो-पीएसए (पीएसएचं आधीचं, अपूर्ण रूप) असे तीन आकडे एका सूत्रात घालून तो काढतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, त्याला २०१२ मध्ये मान्यता दिली. नुसत्या फ्री पीएसएपेक्षा तो नेमका आहे, पण नाजूकही: रक्त काढल्यावर तीन तासांच्या आत सिरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचा पातळ भाग, वेगळं करावं लागतं. नमुना लांब पाठवणार असतील तर हे आधी विचारून घ्या.

फोर-के स्कोरमध्ये चार प्रथिनांसोबत वय, गुदद्वारातून बोटाने केलेल्या तपासणीचा निष्कर्ष आणि आधीची बायोप्सी हेही धरतात. उत्तर येतं ते आक्रमक कॅन्सरच्या शक्यतेचं, टक्क्यांत. मला हा प्रश्नच जास्त योग्य वाटतो, कारण प्रोस्टेटचे बरेच कॅन्सर इतके संथ असतात की माणसाला आयुष्यभर त्रास देत नाहीत. ते शोधून त्यांच्यावर उपचार केले, तर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता पणाला लागते.

एमआरआयमध्ये संशयास्पद भाग स्पष्ट दिसला असेल किंवा बोटाला कडक गाठ लागली असेल, तर यातल्या कुठल्याही स्कोरसाठी बायोप्सी लांबवू नका.

वाढलेल्या प्रोस्टेटसाठी दिलं जाणारं फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड हे औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना नमुना देण्याआधीच सांगा. सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर पीएसए जवळपास निम्मं होतं. रिपोर्टवरचे ३ तेव्हा ६ धरून वाचावे लागतात. केस गळू नयेत म्हणून घेतलेली फिनास्टराइडची कमी ताकदीची गोळीही यात धरायची. तिचं नाव सांगायचं बहुतेकांच्या लक्षात येत नाही.