अमेरिकेत घरचं कोणी अटकेत असेल तर रेकॉर्ड शोधताना सांभाळा, आमचे पैसे दोन ठिकाणी गेले

आपली बरीच मुलं आता टेक्सास, ओक्लाहोमा, जॉर्जियात आहेत, लाँग ड्राइव्हला जातात, आणि कधी असं काही झालं की घरात कोणालाच सुचत नाही फोन नक्की कुठे लावायचा. फसवणारे नेमके त्याच वेळेला टपून बसलेले असतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

माझा धाकटा भाऊ ऑस्टिनला असतो. मित्राबरोबर बिग बेंडला निघाला होता, वेस्ट टेक्सासमध्ये स्पीडिंगसाठी गाडी अडवली आणि लायसन्स तपासताना जुन्या एका तिकिटावर वॉरंट निघालं. कोर्टाची नोटीस जुन्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर जात होती, त्याला काही कळलंच नाही. तिथल्या तिथे बेड्या घालून घेऊन गेले. मित्राने रात्री माझ्या भावजयीला फोन केला, पण त्याला एवढंच सांगता आलं की गाडीवर शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, असं लिहिलेलं होतं. कुठली काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग), कुठलं जेल, काही नाही. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत आणि त्यातल्या काही इतक्या छोट्या की लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत फक्त ६४ माणसं मोजली गेली, गिरगावातल्या एखाद्या चाळीत याहून जास्त राहतात. अशा ठिकाणी रात्री फोन उचलायला एकच डिस्पॅचर असते आणि तीच ९११ चे कॉलही घेत असते.

भावजयीने नाव आणि 'टेक्सास अरेस्ट रेकॉर्ड' टाकून सर्च केलं. वरचे सगळे रिझल्ट जाहिरातीचे. एका साइटवर ढालीचं चिन्ह, निळा-पांढरा रंग, बघणाऱ्याला वाटावं सरकारीच आहे. नाव टाकलं की एक पट्टी सरकायला लागते, 'काउंटी जेल तपासत आहोत', 'कोर्ट रेकॉर्ड तपासत आहोत', मग लाल अक्षरात 'रेकॉर्ड सापडले, माहिती धक्कादायक असू शकते'. नवरा कुठे आहे हे माहीत नाही, मांडीवर बाळ रडतंय, आणि समोर हे असलं वाक्य. मग ईमेल मागितला, फोन नंबर मागितला, शेवटी एक डॉलरच्या ट्रायलसाठी कार्ड मागितलं. रिपोर्ट आला त्यात काय, त्याचे जुने दोन पत्ते, नातेवाईक म्हणून माझं नाव आणि माझा फोन नंबर, आणि त्याच आडनावाच्या भलत्याच माणसाचं डॅलसमधलं ट्रॅफिक तिकीट. अटकेचा एक शब्द नाही. असणार कुठून, अटक काही तासांपूर्वीची आणि या साइट्स जुना विकत घेतलेला डेटा विकतात. पुढे महिन्याचे तीसेक डॉलर कापायला लागले ते वेगळंच, आणि बंद करायचं बटण साइटवर शोधून सापडत नाही, फोनच करावा लागतो. या धंद्यातल्या दोन कंपन्यांवर एफटीसीने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी तिथली सरकारी संस्था) २०२३ मध्ये कारवाई केली, ५८ लाख डॉलर भरायला लावले, कारण साधं ट्रॅफिक तिकीट असलं तरी 'क्रिमिनल रेकॉर्ड सापडलं' असं भासवून त्या लोकांकडून पैसे काढत होत्या. तरी धंदा जोरात चालूच आहे.

खरं रेकॉर्ड फुकट असतं. काउंटी जेल बहुतेक ठिकाणी शेरीफ चालवतो आणि त्याच्या साइटवर जेल रोस्टर, म्हणजे आत असलेल्यांची यादी असते, त्यात नाव, वय, बुकिंगची (जेलमध्ये नोंद झाल्याची) वेळ, आरोप, बाँडची म्हणजे जामिनाची रक्कम. छोट्या काउंटीत कधी नुसती पीडीएफ असते, सकाळी एकदाच टाकतात, कधी तेही नसतं. आणि नाव लगेच दिसत नाही, कारण बोटांचे ठसे, फोटो, सामानाची नोंद, तब्येतीचे प्रश्न हे सगळं झाल्यावरच बुकिंग पूर्ण होतं, त्यात कित्येक तास जातात. मधला हा जो रिकामा वेळ आहे ना, त्यातच माणूस पैसे भरायला तयार होतो. काही काउंट्यांना स्वतःचं जेलच नाही, ते कैदी शेजारच्या काउंटीत ठेवतात, म्हणून आजूबाजूची रोस्टरंही बघा. आणि आपल्या नावांचा घोळ असतोच, वडिलांचं नाव मधे, स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी वेगळं, कधी आडनावाच्या जागी भलतंच काही. आडनावाची पहिली तीन-चार अक्षरंच टाका, किंवा आजच्या बुकिंगची पूर्ण यादी उघडून डोळ्यांनी बघा. आम्हाला तो असाच सापडला, आडनावातलं एक अक्षर खाल्लेलं होतं.

सापडला म्हणून जीव भांड्यात पडतोय तोवर दुसरा प्रकार सुरू झाला, आणि याचा मला जास्त राग आहे. रोस्टरवर नाव आल्यावर थोड्याच वेळात भावजयीला फोन आला, स्क्रीनवर शेरीफ ऑफिसचं नाव. समोरचा म्हणतो मी सार्जंट अमुक, बॅज नंबर सांगितला, भावाचं नाव, बुकिंगची वेळ, आरोप सगळं बरोबर. मागे वायरलेसचा आवाजसुद्धा. म्हणाला बाँड ५०० डॉलरचा आहे, पण तो परदेशी नागरिक आहे म्हणून पायाला नजर ठेवणारा मॉनिटर लावावा लागेल, त्याचे १,३०० वेगळे, परत मिळतील, झेलवर (बँकेतून थेट पैसे पाठवायची तिथली सेवा) पाठवा म्हणजे तासाभरात सोडतो, नाहीतर सोमवारपर्यंत आत राहील आणि इमिग्रेशनला कळवावं लागेल. फोन ठेवू नका, ठेवला तर फाइल बंद होते, हे वर. इमिग्रेशनचं नाव काढलं की एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या घरात काय होतं ते मी सांगायला नको. तिने पाठवले. मग म्हणाला अजून ९०० प्रोसेसिंगचे, तेव्हा तिने दुसऱ्या फोनवरून मला विचारलं, "ताई, एवढे लागतात का हो?"

मी काउंटीच्या साइटवरून जेलचा नंबर काढून लावला. तिथली बाई शांतपणे म्हणाली आम्ही पैशासाठी कोणाच्या घरी फोन करतच नाही, या आठवड्यात असे फोन आलेले तुम्ही काही पहिले नाही. त्या माणसाला जे जे माहीत होतं ते सगळं रोस्टरवर उघडं पडलेलं असतं, आणि घरच्यांचे नंबर त्या असल्या साइट्सवर विकत मिळतात. स्क्रीनवर दिसणारं नावही खोटं दाखवता येतं. भाऊ दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहिला आणि त्याला पर्सनल बाँडवर सोडलं, म्हणजे रोख एक पैसा न भरता.

झेलचे पैसे अजून आलेले नाहीत. बँक म्हणते तुम्ही स्वतःच पाठवलेत. आम्ही एफटीसीकडे आणि एफबीआयच्या आयसी-थ्री या ऑनलाइन गुन्ह्यांच्या तक्रार साइटवर तक्रार टाकलीय, बँकेत लेखी क्लेम केलाय. साइटचे पैसे मात्र क्रेडिट कार्ड असल्यामुळे डिस्प्यूट करून परत मिळाले, स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवसांत लेखी कळवावं लागतं, ते लक्षात ठेवा.

असा फोन आला तर ठेवून द्या आणि नंबर स्वतः शोधून उलटा लावा. झेल, गिफ्ट कार्ड, क्रिप्टोने कुठलंही जेल बाँड घेत नाही. गोंधळ होतो कारण काही जेल कार्डने खरंच पैसे घेतात, कोणत्या कंपनीमार्फत ते जेलच्याच माणसाकडून विचारून घ्या. व्हाइनलिंक नावाची सेवा फुकट आहे, माणूस सुटला किंवा हलवला तर मेसेज येतो, पण सगळ्या काउंट्या त्यात नाहीत. फेडरल (केंद्र सरकारच्या) जेलसाठी बीओपी या तुरुंग खात्याचं आणि इमिग्रेशनच्या ताब्यात असेल तर आयसीई या इमिग्रेशन खात्याचं कैदी शोधायचं वेगळं लोकेटर आहे, दोन्ही फुकट. आणि भारतीय पासपोर्ट असेल तर आपल्या कॉन्सुलेटला कळवा असं तो स्वतः जेलमध्ये सांगू शकतो, १९६३ च्या व्हिएन्ना करारात तो हक्क आहे, टेक्सासचं काम ह्यूस्टनचं कॉन्सुलेट बघतं.

आता भावाला ईमेल यायला लागलेत, तुमचा जेलमधला फोटो आमच्या साइटवर आहे, काढायचा असेल तर पैसे भरा. कॅलिफोर्नियात २०१५ पासून असे पैसे मागणं बेकायदेशीर आहे, सगळीकडे नाही. आम्ही एकालाही उत्तर दिलेलं नाही, कारण एकाने काढला तरी दुसरा टाकतो. केस डिसमिस झाल्यावर रेकॉर्ड पुसायचा अर्ज करता येतो का ते वकिलाला विचारलंय, तोवर सगळे ईमेल तारखेसकट सेव्ह करून ठेवतोय.